काळी माती भांड्यात चिमूटभर, ग्लेझमध्ये ओंजळभर

नागपुरात कुठेही घराचा पाया खणला की काळीशार, चिकट माती वर येते. हाताला मऊ लागते, गोळा लगेच होतो, वळी करून बोटाभोवती गुंडाळली तरी तुटत नाही. चाकावर काम करणाऱ्याला मोह होणारच. बिकानेरची बॉल क्ले (फिकट, चिकट माती) आणि राजस्थानचं फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज) पोत्यानं मागवायचं आणि दारातली माती ट्रॅक्टरनं बाहेर पाठवायची, हे मनाला पटत नाही. पण या मातीचं नुसतं भांडं केलं तर ते वाळतानाच फाटतं. त्यातून वाचलं तर भाजल्यावर पहिल्या पावसाळ्यात त्याचे टवके उडतात. या मातीची जागा भांड्याच्या अंगात थोडी आणि अंगावर, म्हणजे भाजून काचेसारख्या होणाऱ्या लेपात (ग्लेझमध्ये), जास्त आहे. बाहेरून आणलेल्या महागड्या ऑक्साइडच्या डब्यांआधी तिच्यावर प्रयोग करावेत, असं माझं ठाम मत आहे. ते कसे करायचे ते इथे लिहितो.

फाटण्याचं कारण आधी समजून घेऊ. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची खनिजं भरपूर असतात, बेंटोनाइटमध्ये असतात तीच. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटलेल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. चांगली कामाची माती वाळताना लांबीत ५ ते ८ टक्के आकसते. नुसती काळी माती १२ टक्क्यांच्या पुढे सहज जाते. वाटीचा काठ वाळून आकसलेला असतो, बूड अजून ओलं असतं, आणि या ओढाताणीत तडा जातो.

टवके उडण्याचं कारण वेगळं आहे. आपल्या मातीत चुनखडीचे पांढरट खडे असतात, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही डोळ्यांना न दिसणारे. भट्टीत साधारण ८२५ अंशांच्या पुढे चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. भांडं भट्टीतून अगदी धडधाकट बाहेर येतं. मग हा चुना हवेतला ओलावा ओढत राहतो, फुगतो आणि वरचा थर ढकलून देतो. खड्डा पडतो आणि त्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. मे महिन्यात भाजलेलं भांडं जुलैत फुटलं तर दोष हाताळणीचा नसतो, चाळणीचा असतो.

माती कुठून घ्यायची

शेतातली वरची माती नको. तिच्यात खतांचे क्षार आणि कुजलेला पालापाचोळा असतो. क्षार भाजल्यावर पृष्ठभागावर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसतात आणि त्यावर ग्लेझ नीट बसत नाही. पायाच्या खड्ड्यातली, मुळांच्या खालची, दोन-तीन फुटांवरची माती घ्यावी. तिच्याही खाली पिवळट-तपकिरी मुरूम लागतो, म्हणजे झिजलेला बेसाल्ट. तोही वेगळ्या पिशवीत भरून ठेवा, पुढे लागणार आहे. गणपती विसर्जनानंतरचा तलावातला गाळ मात्र कितीही मऊ दिसला तरी घेऊ नका. त्यात रंग असतात आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे कण असतात. ते कण चुनखडीसारखेच टवके उडवतात.

आणलेली माती आधी उन्हात पूर्ण वाळवा. ओल्या ढेकळावर पाणी घातलं तर ते आठवडाभर तसंच राहतं, कोरडं ढेकूळ पाण्यात टाकल्याबरोबर विरघळू लागतं. म्हणून ढेकळं फोडून, वाळवून मगच बादलीत भिजवा. माती एक भाग, पाणी तीन भाग, आणि रात्रभर हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी काठीनं ढवळून आधी ३० मेशच्या (इंचाला ३० छिद्रं) आणि मग ८० मेशच्या चाळणीतून गाळा. चाळणीवर उरलेल्या चाळावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसलं तर चुनखडी आहे आणि गाळायचे कष्ट सार्थकी लागले. खाली गेलेल्या गाळावरही तीच परीक्षा करा. तिथेही थोडी फसफस होईल, पण ८० मेशखाली गेलेले कण इतके बारीक असतात की टवका उडवण्याएवढी ताकद त्यांच्यात राहत नाही.

पाण्याबद्दल एक सांगून ठेवतो. बोअरवेलच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे मातीचा आणि ग्लेझचा घोळ अवेळी घट्ट होतो. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी वापरायची कल्पना पुष्कळांना सुचते, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. नळाचं पाणी बरं, साठवलेलं पावसाचं पाणी त्याहून बरं.

गाळलेला घोळ बसू द्या, वरचं पाणी रबरी नळीनं काढा आणि उरलेला गाळ जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून टांगा किंवा प्लॅस्टरच्या लादीवर पसरा. ग्लेझसाठी लागणारा भाग पूर्ण वाळवून, कुटून, बंद डब्यात ठेवा.

अंगात किती

ज्या मातीवर तुम्ही आत्ता काम करता तीच पाया धरा, मग ती लाल माती असो की तयार स्टोनवेअर (जास्त तापमानाला घट्ट भाजली जाणारी माती). तिच्यात कोरड्या वजनाच्या ०, ५, १०, १५, २० आणि ३० टक्के काळी माती मिसळून सहा मिश्रणं करा. प्रत्येकी ३०० ग्रॅम कोरडी माती पुरते. प्रत्येकाच्या १४ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, १ सेंमी जाड अशा तीन पट्ट्या कापा. ओल्या असतानाच सुरीच्या टोकानं बरोबर १० सेंमीची रेघ ओढा आणि मागे टक्केवारी कोरा. कागदी चिठ्ठी भट्टीत जळते आणि स्मरणशक्तीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

वाळल्यावर रेघ मोजा. ९.२ सेंमी उरली तर आकसणं ८ टक्के. मग एक पट्टी १००० अंशांना भाजा, एक तुमच्या ग्लेझ फायरिंगच्या (ग्लेझ लावून केलेल्या भाजणीच्या) तापमानाला, आणि तिसरी कच्ची ठेवून हातानं मोडून पाहा. चटकन तुटली तर वाळलेली भांडी उचलताना काठ हातात येतील. वरच्या तापमानाची पट्टी दोन टोकांना आधार देऊन मधे अधांतरी ठेवावी. मऊ पडणारी माती लगेच मधे झोकते आणि मोजमाप न करताही कळतं. तिच्याखाली भट्टीतल्या जुन्या शेल्फचा तुकडा नक्की ठेवा. अनोळखी माती वितळली तर नुकसान त्या तुकड्याचं होऊ दे, शेल्फचं नको.

शेवटी पाणी शोषण. भाजलेली पट्टी कोरडी असताना वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात थंड होऊ द्या, फडक्यानं पुसून पुन्हा वजन करा. ८०.० ग्रॅमचे ८४.० झाले तर शोषण ५ टक्के. स्टोनवेअरच्या कपबशीला ते २-३ टक्क्यांच्या आत हवं. पाण्याच्या माठाला उलट १० टक्क्यांच्या वर असलेलं चांगलं, कारण माठ पाझरल्याशिवाय पाणी गार होत नाही.

या चाचणीत साधारण असं दिसतं. वाळूमय, चाकावर फाटणाऱ्या मातीत ५ ते १० टक्के काळी माती घातली की तिला वळण येतं, काठ ओढताना चिरत नाही. बेंटोनाइट २-३ टक्के घालून जे साधतं तेच इथे फुकट साधतं. १५ टक्क्यांच्या पुढे वाळताना त्रास सुरू होतो. लाल मातीत तो १० ते १५ टक्के ग्रोग घालून आटोक्यात ठेवता येतो. बिस्क झालेली (ग्लेझ न लावता एकदा भाजलेली) फुटकी भांडी कुटून, ३० मेशमधून गेलेला आणि ८० मेशवर अडलेला चुरा घेतला की घरचं ग्रोग तयार. स्टोनवेअरमध्ये १० टक्क्यांवर थांबा. काळ्या मातीतलं लोह आणि चुना १२०० अंशांच्या पुढे अंगालाच वितळवू लागतात, आत वायू कोंडतो आणि भांड्यावर फोड येतात. त्यापेक्षा जास्त उष्णता सोसणारं अंग हवं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या थरांसोबत सापडणारी फायरक्ले मिसळा. ती मात्र खरबरीत असते, चाकावर हात सोलतो, म्हणून ४० मेशमधून गाळून घ्यावी.

वाळवण्याचं सांगायला नको, पण सांगतो: एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर भांडी ठेवू नका. कूलरची हवा ओलसर असली तरी वारा एकाच बाजूनं लागतो आणि भांडं त्या बाजूला वाकतं. काठाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा, बूड मोकळं ठेवा, फळीवर उपडं करा. जुलै-ऑगस्टमध्ये अडचण उलट असते. भांडं वाळल्यासारखं दिसतं पण आतून ओलं असतं. गालाला लावल्यावर गार लागलं तर अजून पाणी आहे. अशी भांडी भट्टीत ८०-९० अंशांवर चार ते सहा तास ठेवायची, झाकण बोटभर उघडं. घाईनं १०० अंशांच्या पुढे नेलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि बूड फुटतं, सोबत शेजारची भांडीही जातात.

बिस्कसाठी ६०० अंशांपर्यंत तासाला ६० अंश पुरे. याच टप्प्यात मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघतं आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतो. पुढे तासाला १०० अंश. काळी माती मिसळलेली असेल तर ८५० ते ९०० च्या दरम्यान अर्धा तास थांबा, तिच्यातला सेंद्रिय कार्बन जळायला वेळ लागतो. न थांबल्यास तुटलेल्या तुकड्याच्या मधोमध काळा पट्टा दिसतो आणि तोच कार्बन पुढे ग्लेझमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतो. बिस्क ९८० ते १००० वर थांबवा. चुनखडीची शंका असलेल्या मातीचं भांडं भट्टीतून काढल्यावर कोमट असतानाच तासभर पाण्यात बुडवून ठेवायचा जुना उपाय आहे. त्यानं धोका कमी होतो, जात नाही. चाळणीला पर्याय नाही.

आता ग्लेझ

एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत हडसन नदीकाठची अल्बनी स्लिप नावाची माती भांड्यांना आतून लावली जायची. दुसरं काही न मिसळता ती स्टोनवेअरच्या तापमानाला वितळून चकचकीत तपकिरी ग्लेझ व्हायची. तिचं रहस्य एवढंच, की सिलिका आणि अॅल्युमिना यांच्यासोबत लोह, चुना, मॅग्नेशिया आणि पोटॅश तिच्यात आधीच होते. आपल्या काळ्या मातीत लोह तिच्याहून जास्त, चुना आहे, मॅग्नेशिया आहे. कमी आहे ते पोटॅश-सोडा. ती उणीव फेल्डस्पार, राख किंवा फ्रिटनं (आधीच वितळवून दळलेल्या काचेच्या पुडीनं) भरून काढायची. प्रयोग एवढाच आहे.

पण कच्ची काळी माती ग्लेझमध्ये निम्म्याहून जास्त असली की ती भांड्यावरही शेतासारखीच भेगाळते. वाळलेल्या ग्लेझला भेगा पडतात, भट्टीत त्या भेगांच्या कडा वर वळतात आणि ग्लेझ गोळा होऊन मधे उघडं अंग दिसतं. म्हणून अर्धी माती भाजून घ्यायची. कोरडी पूड बिस्क झालेल्या वाडग्यात भरून ७०० ते ७५० अंशांना भाजा. त्याहून वर नको, नाहीतर चुनखडीचा कळीचा चुना होऊन बादलीतला घोळ घट्ट होईल. भाजल्यावर वजन घटतं, ते मोजा. १०० ग्रॅमचे ८८ झाले, तर जिथे ५० ग्रॅम कच्ची माती हवी तिथे भाजलेली ४४ ग्रॅम घ्यायची. हा हिशेब न करता अदलाबदल केली तर रेसिपी नकळत बदलते आणि मग दोष भट्टीला दिला जातो.

इलेक्ट्रिक भट्टीत, कोन ६ ला (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका), म्हणजे साधारण १२२० ते १२४० अंशांना, सुरुवात अशी करा: काळी माती आणि शिसेविरहित बोरॅक्स फ्रिट यांची ९०-१०, ८०-२०, ७०-३० आणि ६०-४० अशी चार मिश्रणं, प्रत्येकी १०० ग्रॅम. मातीचा अर्धा भाग भाजलेला. पहिल्या टोकाला ग्लेझ कोरडं, खरखरीत राहील. दुसऱ्या टोकाला वाहून खाली येईल. चांगली जागा बहुधा ८०-२० आणि ६०-४० च्या मधे कुठेतरी सापडते. ती सापडली की फ्रिटचा अर्धा भाग पोटॅश फेल्डस्पारनं बदलून पुन्हा एक ओळ करा. फ्रिट कमी झालं की खर्च कमी होतो आणि रंग खोल येतो.

गॅसच्या भट्टीत १२८० अंशांपर्यंत जाणाऱ्यांना फ्रिटची गरज नाही. काळी माती ५०, फेल्डस्पार ३०, धुतलेली राख २०, इथून निघा. ऑक्सिजन कमी करून भाजलं तर लोह स्वतःच वितळवायला मदत करतं, काळा रंग येतो आणि जिथे थर पातळ असतो त्या काठावर तांबूस-तपकिरी झाक फुटते. ज्यांची भट्टी १०४० ते १०६० पर्यंतच जाते त्यांनी फ्रिट ८५ आणि केओलिन (पांढरी चिनी माती) १५ असं पारदर्शक ग्लेझ करून त्यावर १० टक्के बारीक काळी माती घालावी. मधाच्या रंगाचं ग्लेझ मिळतं, लाल मातीवर ते खुलतं. फ्रिटऐवजी थेट टाकणखार घालून पैसे वाचवायचा विचार करू नका. तो पाण्यात विरघळतो, बिस्कच्या छिद्रांत शिरतो आणि उरलेला बादलीच्या तळाला खड्यांच्या रूपात जमतो. आणि शेंदूर कुठल्याही जुन्या कृतीत दिसला तरी हात लावू नका, ते शिसं आहे.

१०० ग्रॅम कोरड्या ग्लेझला साधारण ९० मिली पाणी. भाजलेली माती आणि राख जास्त पाणी पितात, म्हणून आकड्यापेक्षा घनतेवर जा: १०० मिली घोळाचं वजन १४५ ते १५० ग्रॅम यायला हवं. ८० मेशमधून दोनदा गाळा. तळाशी दगडासारखं बसत असेल तर कोरड्या वजनाच्या ०.२ टक्के एप्सम सॉल्ट कोमट पाण्यात विरघळवून घाला. चाचणीची बिस्क झालेली टाइल तीन सेकंद बुडवा, मग तिचा अर्धाच भाग पुन्हा बुडवा, म्हणजे एकाच टाइलवर पातळ आणि जाड दोन्ही दिसतात. टाइल उभी राहील अशी करा. आडव्या टाइलवर प्रत्येक ग्लेझ सुंदरच दिसतं, वाहतं की नाही ते कळत नाही. शेल्फवर अॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन समप्रमाणात मिसळून लेप द्या, आणि प्रत्येक टाइलखाली बिस्कची चकती ठेवा.

तापमापकाचा आकडा पाहून भट्टी बंद करण्यापेक्षा कोनवर भरवसा ठेवा. ग्लेझ वितळणं तापमान आणि वेळ दोन्हींवर ठरतं आणि कोन दोन्ही मोजतो. शेवटचे १०० अंश तासाला ६० नं चढा, वर १५ ते २० मिनिटं थांबा. लोहाच्या ग्लेझची खरी गंमत मात्र थंड होताना असते. भट्टी आपोआप गार होऊ दिली तर काळं, चकचकीत. १००० ते ८०० अंशांचा टप्पा तासाला ६०-७० अंशांनी उतरवला तर त्याच ग्लेझवर लोहाचे बारीक स्फटिक बसतात, मंद गंजासारखी तपकिरी छटा येते. एकच बादली, दोन ग्लेझ. कंट्रोलर असलेल्यांनी हे करून पाहायलाच हवं.

राख, दगडाची डस्ट आणि मँगनीज

काटोल-नरखेडच्या संत्रा बागांमध्ये सल म्हणून छाटतात त्या वाळक्या फांद्या, पऱ्हाट्या, तुराट्या, यांची राख सहज मिळते. तिच्यात चुना असतो आणि काळ्या मातीला जे कमी पडतं ते पोटॅशही. राख एकाच प्रकारची आणि एकाच वेळी भरपूर जमवा. दुसऱ्या खेपेची राख वेगळी वागते, कारण मुळांना चिकटलेली मातीही तिच्यात येते. चुलीत प्लॅस्टिक, रबर किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेलं नसावं. ६० मेशमधून कोरडी चाळा, बादलीभर पाण्यात भिजवा, रात्रीनंतर वरचं पिवळसर, बोटांना साबणासारखं लागणारं पाणी काढून टाका, असं दोन-तीनदा. हातमोजे घाला, ते पाणी कातडी भाजतं. धुतल्यानं राखेतलं विरघळणारं पोटॅश थोडं जातं, पण ग्लेझ प्रत्येक वेळी सारखं येतं. न धुतलेली राख जास्त वितळवते आणि बादलीत रोज बदलते. मी धुतलेलीच निवडेन.

भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमधली कोंड्याची राख हे वेगळंच प्रकरण आहे. तिला राख म्हणतात, पण ती वितळवत नाही, कारण ती जवळजवळ सगळी सिलिका आहे. रेसिपीत जिथे सिलिका लिहिलेली असते तिथे ती जाते. बॉयलरमधून आलेली राख काळी असते, म्हणजे कार्बन शिल्लक आहे. पसरट वाडग्यांत पातळ थर करून ७०० अंशांना पुन्हा भाजली की पांढुरकी होते. ती इतकी हलकी असते की मापानं घेतली तर फसाल, वजनच करा. जपानमध्ये कोंड्याची राख, लाकडाची राख आणि फेल्डस्पार यांचे साधारण सारखे भाग घेऊन नुका नावाचं दुधाळ पांढरं ग्लेझ करतात, ते १२५० ते १२८० अंशांना पिकतं. विदर्भात तिन्ही वस्तू हाताशी आहेत. नुकाचा जाड थर काळ्या मातीच्या ग्लेझवर काठाकडून ओतला तर दोन्ही मिसळतात तिथे निळसर-राखाडी ओघळ उतरू शकतात. बुडाजवळ दोन बोटं जागा कोरीच ठेवा, दोन ग्लेझ एकत्र आली की एकटीपेक्षा जास्त वाहतात.

गिट्टी क्रशरवरची बेसाल्टची डस्ट आणि तो बाजूला ठेवलेला मुरूम, दोन्ही काळ्या मातीचेच पूर्वज. बेसाल्ट कच्च्या मातीसारखा आकसत नाही हा त्याचा मोठा फायदा, म्हणून मातीचा भाजलेला भाग काढून त्याजागी डस्ट घालता येते. १०० मेशमधून चाळा आणि पुडीत लोहचुंबक फिरवून क्रशरच्या जबड्याचे लोखंडी कण काढा, नाहीतर काळे ठिपके येतात. चुंबकाला दगडातलं मॅग्नेटाइटही थोडं चिकटेल, ते गेलं तरी हरकत नाही.

रामटेकच्या वाटेवर मनसर-कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे ते खनिज वापरायचा मोह होतो. २ ते ४ टक्के मँगनीज डायऑक्साइड लोहाच्या ग्लेझला जांभळट-तपकिरी करतं हे खरं. पण खाणीतल्या दगडात लोह आणि सिलिका किती हे दगडागणिक बदलतं, तो भट्टीत चढताना ऑक्सिजन सोडून फोड आणतो, आणि त्याची धूळ व भट्टीतला धूर मेंदूच्या आणि नसांच्या मुळावर उठतो. मास्क आणि भट्टीला बाहेर जाणारा पंखा नसेल तर नको. कोराडी-खापरखेड्याची फ्लाय अॅशही शोभेच्या वस्तूंपुरतीच, तिच्यात जड धातूंचे अंश असतात. मास्कचं सगळ्याच पुडींना लागू आहे: एन-९५ लावा, झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

बिघडलं तर

ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, आणि कपबशी गार होताना टिक-टिक आवाज: ग्लेझ अंगापेक्षा जास्त आकसतंय. ५-५ टक्क्यांनी सिलिका वाढवा किंवा फेल्डस्पार कमी करा. राखेच्या ग्लेझमध्ये हे हमखास होतं आणि तिथे कोंड्याची राख कामी येते. याच्या उलट, काठावरून ग्लेझचे पापुद्रे सुटत असतील तर सिलिका कमी करा. हा दोष वरच्या रेघांपेक्षा वाईट, कारण धारदार पापुद्रा चहात पडतो.

सुईची भोकं दिसली तर आधी ग्लेझ बदलू नका. बिस्क १०३० पर्यंत नेऊन पाहा, मग वरच्या टोकाला थांबायचा वेळ वाढवा. ग्लेझ गोळा झालं असेल तर तीन गोष्टी क्रमानं तपासा: बिस्कवर धूळ किंवा हाताचं तेल होतं का, थर दीड मिलीमीटरपेक्षा जाड होता का, कच्च्या मातीचं प्रमाण जास्त होतं का. बहुतेक वेळा तिसरं निघतं. कोरडं, राखाडी-तपकिरी, चमक नसलेलं ग्लेझ म्हणजे वितळणं अपुरं. फ्रिट किंवा राख ५ टक्क्यांनी वाढवा, तापमान वाढवू नका. तापमान वाढवलं तर काळी माती मिसळलेलं अंग आधी मऊ पडेल.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि नवी माती, नवी राख, नवा फायरिंग प्रोग्राम असं तिन्ही एकत्र करून सगळेच तो मोडतात. टाइलमागे लोहाच्या ऑक्साइडनं नंबर लिहा आणि वहीत त्या नंबरापुढे माती कुठल्या भागातली, किती खोलीची, कोणत्या पावसाळ्याआधी आणली तेही. मानेवाड्याची काळी माती आणि हिंगण्याची काळी माती सारखीच वितळेल याची खात्री नाही, एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांतही चुनखडी कमी-जास्त असते. म्हणून चांगली निघाली की एकदाच दोन-तीन पोती गाळून ठेवावी.

खाण्याच्या भांड्याला हे ग्लेझ लावण्याआधी टाइल अर्धी व्हिनेगरमध्ये बुडवून तीन दिवस ठेवा. मग धुऊन उजेडात तिरकी धरा. बुडालेला भाग फिका किंवा मंद झाला असेल तर ग्लेझमध्ये सिलिका आणि अॅल्युमिना कमी आहेत, ते भांडं दह्या-ताकाचं नाही. फरक दिसला नाही तर पाणी, भाजी, चहा यांना बिनधास्त वापरा. मात्र मँगनीज किंवा तांबं घातलेल्या ग्लेझला ही घरगुती परीक्षा पुरत नाही. तशी भांडी आतून साध्या पारदर्शक ग्लेझची करावीत आणि रंगीत ग्लेझ बाहेरच, ओठ टेकतात त्या काठाच्या एक बोट खाली थांबवावं. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला तर आतून काळ्या मातीचं ग्लेझही लावू नका. मीठ आणि आंबट रस वर्षभर एकाच जागी बसून राहतात, तीन दिवसांचं व्हिनेगर त्याची बरोबरी करू शकत नाही.